मूळ बघितलाय का?

परवा पेपरात जाहिरात वाचली. 'कमळीची विहीर' पुन्हा येतोय. एक काळा-पांढरा होऊन गेला, एक रंगीत होऊन गेला, आता हा तिसरा. नायिका विहिरीच्या कठड्यावर उभी, केस भुरभुरतायत, अंगावरची साडी अशी कडक इस्त्रीची की तिच्यावर पापड लाटावेत. खाली ओळ, 'कधीही न पाहिलेली कहाणी'. मी बायकोला म्हणालो, "नाना असते तर आज लातुरात पेपरांची होळी झाली असती." ती म्हणाली, "नाना असते तर आधी तीनदा बघून आले असते, मग होळी." तेही खरंच होतं.

नाना म्हणजे माधवराव बिराजदार, आमच्या ऑफिसातले वरिष्ठ लिपिक. ऑफिसचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येतं. खातं पाण्याचं होतं आणि पाणी सोडून तिथं सगळं होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा माझी नांदेडहून तिथं बदली झाली. मी हिमायतनगरचा, शिकलो किनवटच्या वसतिगृहात राहून, त्यामुळं लातूर म्हणजे माझ्या लेखी परमुलूख. पहिल्या दिवशी गेलो तर ऑफिसात टेबलं आली होती, खुर्च्या जुन्या जिल्ह्याहून यायच्या होत्या. सगळे उभे राहून काम करत होते, म्हणजे उभे होते. एकटे नाना बसले होते. त्यांनी घरून खुर्ची आणली होती.

"नांदेडचे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिकडं 'कमळीची विहीर' लागला का?"

रंगीत 'कमळीची विहीर' तेव्हा सगळीकडं जोरात चालला होता. ओळख वाढवायला बरा विषय मिळाला असं वाटून मी म्हणालो, "मागच्याच आठवड्यात बघितला. लई भारी आहे."

नानांनी पेनाला टोपण लावलं. "आन् मूळ? मूळ बघितलाय का?"

"मूळ नाही बघितला."

नानांनी खुर्ची भिंतीकडं फिरवली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. निघताना मात्र पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचा काय दोष न्हाई, सोनकांबळे. नांदेडपर्यंत मूळ पोचलाच नसंल."

मूळ हा त्यांचा श्वास होता. ऑफिसात माघारी त्यांना 'मूळव्याध' म्हणत आणि समोर नाना म्हणत. सिनेमापुरतं असतं तर कुणाची हरकत नव्हती, पण नानांच्या जगात प्रत्येक गोष्टीचा एक मूळ असायचा आणि समोर असायची ती त्याची नासवलेली नक्कल. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला चहा म्हणजे औशाच्या स्टँडवरच्या जुन्या चहाचा रिमेक. आमचे साहेब म्हणजे आधीच्या साहेबांचा रिमेक, तोही बजेट कमी पडलेला. एकदा पावसाळ्यात चार थेंब पडले तर खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, "ह्यात दम न्हाई." रिमेक हा शब्द लातुरात आपणच पहिल्यांदा आणला असा त्यांचा दावा होता, आणि तो खोडून काढायची कुणाला गरजही वाटली नव्हती.

नवा जिल्हाही त्यांच्या तावडीतून सुटला नाही. त्या दिवसांत लातुरातल्या पेंटर लोकांना जेवायला फुरसत नव्हती. प्रत्येक दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून तिथं 'जि. लातूर' घालायचं काम चाललं होतं. एका पाटीवर घाईत दोन्ही राहिली होती. नाना म्हणायचे, "मूळ जिल्हा उस्मानाबाद. हे आपलं उगं रंगीत करायलेत." आता खरं सांगायचं तर जिल्हा जाहीर झाला त्या दिवशी मिरवणुकीत सर्वात पुढं गुलालानं माखून नाचणारा माणूस कोण होता, हे सगळ्या लातूरनं पाहिलं होतं. त्याचा फोटो नानांच्या घरी बैठकीत लावलेलाच होता.

रिमेक लागला की पहिल्या दिवशी पहिला खेळ नाना सोडत नसत. रजेच्या अर्जावर 'पोटदुखी' लिहीत, आणि ते एका परीनं खोटं नव्हतं. पिक्चर जितका वाईट तितक्या जास्त वेळा बघत. चांगला निघाला तर त्यांना दिवसभर काही सुचत नसे. थिएटरात शेजारच्याला आधीच सांगत, आता इथं नायकाची आई पडदा सरकवणार. आई पडदा सरकवत नसे, सरळ आत येत असे. मग नाना अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणत, "पडदाच न्हाई. आईला पडदा द्यायला ह्यांच्याकडं पैसं न्हाईत."

एका रहस्यपटाच्या वेळी तर कहर झाला. जुन्या पिक्चरमध्ये खून मुनीमानं केलेला असतो. मध्यंतरात नाना उभे राहिले आणि लोकांना म्हणाले, "खून मुनीमानं केलाय. ज्याला घरी जायचं त्यानं जावं." लोक चिडले. पण खरी गंमत पुढं होती. नव्या पिक्चरवाल्यांनी खुनी बदलला होता. शेवटी पोलिसांनी डॉक्टरला बेड्या घातल्या आणि मुनीम सुटला, तेव्हा नाना पुन्हा उठले. "चूक हाय. निरपराध माणसाला धरायलेत. मुनीम तिकडं मागं उभा हाय, त्याला धरा." दुसऱ्या दिवशी टॉकीजच्या मॅनेजरनं नानांना बोलावून वर्षभराचा फुकट पास दिला. पास दुसऱ्या टॉकीजचा होता.

असं असलं तरी माणूस निव्वळ आडमुठा नव्हता. काही वेळा त्यांचं म्हणणं बिनतोड असे. रंगीत 'कमळीची विहीर' माझ्याबरोबर पुन्हा बघताना त्यांनी एका जागी माझा हात दाबला. पडद्यावर दुष्काळ होता, जमीन भेगाळलेली, आणि कमळी डोक्यावर घागर घेऊन चालली होती. "बघा," नाना म्हणाले, "गावात प्यायला पाणी न्हाई आन् बाईची साडी आज धुतलेली हाय. कुठं धुतली?" मला तेव्हापासून कुठल्याही पिक्चरमधला दुष्काळ धड बघता आलेला नाही, आधी साडीकडं लक्ष जातं. पण त्यांच्या लाडक्या जुन्या कमळीला मात्र सगळं माफ होतं. तिच्या घशाला कोरड पडलेली असते, ओठ फुटलेले असतात, आणि तेवढ्यात ती तीन कडव्यांचं गाणं म्हणते, तेही वरच्या पट्टीत. हे मी बोलून दाखवलं तर नाना म्हणाले, "ते दुःखानं म्हणती. दुःखाला पाणी लागत न्हाई."

माझ्या लग्नाला नाना हिमायतनगरला आले होते. आमच्याकडं बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, मग वडीलधाऱ्यांची आशीर्वादाची भाषणं. शेवटी नानांच्या हाती माईक गेला. ते म्हणाले, "सोनकांबळेच्या वडलांचं लग्न मी बघितलेलं न्हाई, त्यामुळं तुलना करता येत न्हाई. पण मूळची गोष्ट येगळीच असंल." मंडप हसला. माझे वडील हसत हसतच उठले. "नाना," ते म्हणाले, "आमच्या लग्नात वाजंत्री गावातून न्यायची सोय नव्हती. रानातून, बांधाबांधानं वरात नेली. मूळ तुमालाच लखलाभ. आमाला रिमेकच बरा." पंगतीत नानांनी दोनदा वरण मागून घेतलं आणि लातूरला पोचेपर्यंत मूळ हा शब्द तोंडातून काढला नाही. लातूरला पोचल्यावर काढला.

तर मूळ 'कमळीची विहीर'. तो नानांनी जिथं बघितला त्या जागेची गोष्ट आम्हाला पाठ झाली होती, इतकी की नाना रजेवर असले तर शिपाई ती म्हणून दाखवायचा. "बहात्तरचा दुष्काळ," नाना सुरू करायचे. "औशाच्या पुढं तलावाचं काम निघालं होतं. मी हजेरी कारकून. शेतवाड्या असलेल्या घरच्या बाया पदर डोळ्यापर्यंत ओढून पाट्या उचलायच्या. माझी आई हुती, ही बी हुती, लगीन होऊन वरीस न्हवतं झालं. मीच त्यांची हजेरी लावायचो. तर तिथं फिरत्या टॉकीजवाल्या चाँदभाईनं तंबू ठोकला. पडद्याच्या अलीकडं बाप्ये, पलीकडं बाया. पलीकडनं समदं उलटं दिसायचं, पर बायांनी कदी तक्रार केली न्हाई."

मग नाना आवाज खाली आणायचे. "कमळीचा नवरा परागंदा. गाव म्हणतं, विहिरीला पाणी लागायचं न्हाई. बाई एकटी उतरती. खणती, खणती. आन् शेवटाला पाणी लागतं. असं वर उसळतं. बाई हसती. बस. संपला पिक्चर. तंबूतली माणसं उठंचनात. चाँदभाईला तेच रीळ पुन्हा दावावं लागलं. पुन्हा पाणी लागलं. माणसं रडत हुती, सोनकांबळे. आन् ह्या रंगीतवाल्यांनी काय केलं? बाईला मारली. पाणी लागतं आन् बाई त्यात बुडून मरती. बळी दिला म्हणं. कामून? तिनं काय घोडं मारलं हुतं ह्यांचं?"

नानांचं खरं भांडण हे होतं. बाकी पडदा, साडी, मुनीम वगैरे जाता जाता. रिमेकवाल्यांनी बाई मारली, हे ते जन्मात माफ करणार नव्हते. एकदा लेखा विभागातले एक म्हातारे हळूच म्हणाले की जुन्यातही ती मरते असं त्यांना आठवतंय. नाना म्हणाले, "तुमचा शेवटाला डोळा लागला असंल." म्हातारे गप्प बसले, कारण डोळा लागण्याबद्दल ते प्रसिद्धच होते.

नव्या जिल्ह्यानं सगळ्यांना काही ना काही दिलं. कुणाला बढती, कुणाला क्वार्टर, कुणाला निदान फलकावर नाव. गल्लीगल्लीत मंडळं निघाली, आणि जिल्हा नवीन म्हणून प्रत्येक मंडळ 'जिल्हास्तरीय' होतं. नानांच्या वाट्याला एक जास्तीचं कपाट आलं, त्याचीही किल्ली हरवलेली. त्यामुळं जेव्हा 'जिल्हा चित्रपट रसिक मंडळ' काढायचं ठरलं, तेव्हा नानांचे डोळे चमकले. एक दिवस मला जिन्यात गाठून म्हणाले, "माणसाच्या नावापुढं जलमात एकदा तरी अध्यक्ष लागलं पायजे, सोनकांबळे. मला दुसरं काय येतं, सांगा बरं. पिक्चरचंच येतं." ही विनवणी होती आणि मला ती ऐकून वाईट वाटलं. मी म्हणालो, तुमच्याशिवाय कोण आहे.

होते की. आमचे लिमये साहेब होते. ते पुण्याचे, चित्रपटाला 'चित्रपट' म्हणायचे आणि डोळे मिटून म्हणायचे. पुण्यात त्यांची ओळख होती, त्यांनी जुन्या 'कमळीची विहीर'ची मूळ प्रिंट मिळवली. ठरलं असं, की रविवारी सकाळी टाऊन हॉलमध्ये जुना पिक्चर दाखवायचा, लगेच नानांचं व्याख्यान, 'मूळ आणि नक्कल', आणि मग टाळ्यांच्या गजरात अध्यक्षाची निवड. लिमये साहेब सहज म्हणाले, "बिराजदार, शेवटाबद्दल तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, असं माझं स्मरण सांगतं." नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, मूळमध्ये बाई मेली तर अध्यक्षपद ऱ्हाऊ द्या, मी पिक्चरवर बोलणंच सोडीन." हे ऐकून ऑफिसातल्या काही जणांनी मनातल्या मनात कमळीच्या मरणासाठी प्रार्थना सुरू केली.

रविवारी नाना नवा सफारी शिवून आले. रंग कबुतरी, खिशात दोन पेनं. वहिनी म्हणजे शांताबाई बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसल्या. एरवी त्या पिक्चरला कधी येत नसत, त्या दिवशी नानांनी आग्रहानं आणलं होतं. नाना पुढं माझ्या शेजारी. पिक्चर सुरू झाला आणि मला कबूल करावं लागेल, पिक्चर चांगला होता. गाणं तीन नाही, चार कडव्यांचं निघालं, तरी चांगला होता. नाना प्रत्येक संवाद अर्धा क्षण आधी पुटपुटत होते आणि एकही चुकत नव्हते. शेवटी विहिरीला पाणी लागलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ते पाणी खरोखर उसळलं, कमळी हसली, आणि नाना उठले. सफारी खाली ओढला, ताठ चालत मंचावर गेले, पडद्याला पाठ करून माईकसमोर उभे राहिले आणि दिवे लागायची वाट बघू लागले.

दिवे लागले नाहीत. अजून एक रीळ होतं.

"बसा की ओ," मागून कुणीतरी ओरडलं. नाना बसले नाहीत. अर्धी कमळी पडद्यावर आणि अर्धी नानांच्या सफारीवर, अशी ती हळूहळू पाण्यात गेली. नानांनी मागं वळून बघितलंच नाही. ते लोकांकडं तोंड करून, डोळ्यावर येणाऱ्या उजेडात तसेच उभे राहिले. हात तेवढा वर गेला एकदा, तो मधेच थांबला. पाणी शांत झालं, त्यावर कमळीची एक बांगडी तरंगली. काचेची बांगडी पाण्यावर कशी तरंगते, हे नाना दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये असते तर जरूर विचारते. मग दिवे लागले.

नानांनी माईक हातात घेतला.

"मंडळी," ते म्हणाले, "ही मूळ प्रिंट न्हाई."

लिमये साहेब जागेवरूनच म्हणाले, "बिराजदार, अहो पुण्याहून आलेली आहे. डब्यावर लिहिलंय."

"डब्यावर कायबी लिहिता येतं, साहेब. आपल्या जिल्ह्यातल्या पाट्या बघा." नानांचा आवाज जरा चिरकला, पण थांबला नाही. "मूळ औशाला हुता. पुण्याला रिमेक गेला. मूळमध्ये बाई मरत न्हाई. मी सांगतो, बाई मरत न्हाई."

आधी कुणीतरी एक हसलं, मग टाऊन हॉल हसला. शिट्ट्या झाल्या. टाळ्यांच्या गजरात निवड झाली ती लिमये साहेबांची, आणि त्यांनी डोळे मिटून ती स्वीकारली. नाना मंचावरून उतरून सरळ वहिनींकडं गेले, म्हणाले, "चला." दोघं पायी घरी गेली. मी हसलो नव्हतो, असं म्हणायला मला आवडलं असतं.

नंतर नाना काही दिवस ऑफिसला आले नाहीत. अर्जावर 'पोटदुखी' होतं. मी भेटायला गेलो तर ते आतल्या खोलीत झोपले होते. वहिनींनी मागच्या अंगणात चहा दिला आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"भाऊजी, एक सांगू का? ह्यांना म्हणू नका."

"नाही म्हणत."

"तुमच्या साहेबाचं बरोबर हाय. ती बाई मरती. मी बघितलं हुतं."

"कुठं?"

"औशालाच की. पयल्या दिवशी चाँदभाईनं आख्खा पिक्चर दावला. हे तवा तालुक्याला गेले हुते, मुक्कामी. आमी समद्या बाया गेलो. आता कामावर बी पिण्याच्या पाण्यासाठी एक विहीर खणायलो हुतो, भाऊजी. बायाच आत उतरायच्या, पाट्या भरून वर द्यायच्या. ते बघून आलो आन् सकाळी एक बाई विहिरीत उतरंना. मुकादम वरडायला लागला. उतरलं न्हाई तर हजेरी न्हाई, हजेरी न्हाई तर खायला सुकडी न्हाई." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "मग मी आन् सासूबाई चाँदभाईकडं गेलो. म्हणलं, ते शेवटचं रीळ दावू नगा. त्यो म्हणला, पिच्चर अधूरा रहेगा ना, माँ. सासूबाई म्हणल्या, ऱ्हाऊ दे अधुरा. त्यापरीस पाण्याचंच दोनदा दाव. बाई जगू दे."

"आणि दुसऱ्या दिवशी नाना आले."

"हाव. बघून आले आन् म्हणले, बाई जगली. निस्ते हसायले हुते. मी काय म्हणू? म्हणलं, बरं झालं. सकाळी मीच पयल्यांदा उतरले विहिरीत."

"लागलं का पाणी?"

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "खडक लागला. पर कुणी मेलं न्हाई."

मी रिकामा कप हातात घेऊन बसलो. आतून नानांच्या घोरण्याचा आवाज येत होता. सगळा जन्म रिमेकच्या नावानं खडे फोडण्यात घालवलेला हा माणूस ज्याला मूळ मूळ म्हणून छातीशी धरून बसला होता, तो त्याच्या आईनं आणि बायकोनं मिळून केलेला रिमेक होता. मला मोठ्यानं हसू आलं असतं, पण वहिनींचा चेहरा बघून आलं नाही. हे गुपित त्यांनी त्या दुष्काळापासून सांभाळलं होतं, आणि रोज जेवताना नवऱ्याच्या तोंडून तो शेवट ऐकला होता.

नाना पुन्हा ऑफिसला आले ते आणखी धार लावून. पिक्चरवर बोलणं सोडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्या मते मूळ अजून कुणी दाखवलाच नव्हता. "ती पुण्याची आवृत्ती," असं ते म्हणत. लिमये साहेबांची बदली झाली, मंडळ बुडालं, अध्यक्षपदाची खुर्ची कुणाच्या तरी माळ्यावर गेली. मीही नांदेडला परत आलो. दिवाळीला नानांचं कार्ड यायचं, त्यावर शुभेच्छा छापलेल्या आणि खाली हातानं एखाद्या नव्या रिमेकची निंदा.

नानांना शेवटचं बघितलं ते लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात. एका लग्नाला गेलो होतो, दुपारी नानांकडं डोकावलो. गल्लीत टँकरसाठी घागरींची ओळ लागली होती, आणि आपल्या प्लास्टिकच्या घागरीवर नाना बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, अंगात तोच कबुतरी सफारी, आता दोन मापं मोठा. मला आवाजावरून ओळखलं.

"या, नांदेडवाले. बघा आमचा दुष्काळ."

"फार हाल आहेत, नाना."

"हाल हायत, पर हा रिमेक हाय," ते म्हणाले. "रंगीत. टीव्हीवाले येऊन जायलेत रोज. मूळ बहात्तरचा." ओळीतल्या एका बाईनं कपाळावर हात मारून घेतला. तिनं हे आधीही ऐकलेलं दिसत होतं.

घागर तिथंच ठेवून ते मला घरी घेऊन गेले. वहिनींनी वाटीभर पाणी दिलं, ते मी पुरवून प्यायलो. नानांच्या मुलानं कुठून तरी जुन्या 'कमळीची विहीर'ची सीडी आणून दिली होती. तीच, पुण्याची, नानांच्या मते बनावट. त्यांनी ती लावली आणि सरळ शेवटाकडं नेली. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. पडद्यावर पाणी लागलं, उसळलं, कमळी हसली, आणि नानांनी बटण दाबलं. टीव्ही काळा झाला.

"संपला का?" आतून वहिनींनी विचारलं.

"हाव. संपला."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या.

मला पोचवायला ते फाटकापर्यंत आले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि आवाज खाली आणला, जसा कमळी विहिरीत उतरताना आणायचे.

"सोनकांबळे, त्या दिवशी टाऊन हॉलमध्ये माझं तोंड लोकांकडं हुतं. शेवटचं रीळ लागलं. बाईचं हसणं अजून मागनं ऐकू येत हुतं, काय झालं न्हवतं काय न्हाई. समदे डोळे फाडून बघायलेत. आन् तिसऱ्या रांगेत हिनं तोंडावर पदर घेतला. एकटीनंच. आधीच."

मी फाटकाच्या कडीवरचा हात काढला.

"म्हंजी हिनं बघितलेलं हुतं. मग मी काय म्हणणार माईकवर? हिनं इतकी वर्सं मला कळू दिलं न्हाई, आन् मी चार लोकात म्हणू, बाई मरती म्हणून?" मग माझ्या दंडाला धरून म्हणाले, "तिला म्हणू नका. तिला वाटतं मला ठाव न्हाई."

मी म्हणालो, नाही म्हणत. दोघांनाही तोच शब्द दिला होता आणि पाळला. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहितोय. ज्या माणसाला आम्ही ऑफिसभर हसलो, तो त्या मंचावर आमच्यापेक्षा शहाणा होता, हे मला त्या फाटकाशी कळलं, आणि लाज वाटली.

तेवढ्यात नाना नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नांदेडला कुठला लागलाय सध्या? रिमेकच असंल," आणि उत्तराची वाट न बघता आत गेले.

मी रिक्षात बसलो. टँकर अजून आला नव्हता, घागरी तशाच ओळीत होत्या, नानांची सगळ्यांत पुढं. त्यांच्या खिडकीतून पुन्हा पाणी लागल्याचा आवाज आला, आणि ओळीतल्या दोन बाया मान वळवून तिकडं बघायला लागल्या.